युकुलेले बेसची ई तार दर पावसाळ्यात मुकी होते, त्याचं काय केलं

माझ्याकडे युकुलेले बेस, म्हणजे युकुलेले या चिमुकल्या गिटारच्या आकाराचा बेस, येऊन तीन वर्षं झाली आणि तिन्ही वर्षं जुलै लागला की त्याची ई तार रुसून बसते. तुटत नाही, बेसूर होत नाही, वाजते सुद्धा, पण बाकीच्या तिघी समोर बसून वाजतायत आणि ही शेजारच्या फ्लॅटमधून वाजतेय असं वाटतं. पहिल्या वर्षी म्हटलं बॅटरी असेल, दुसऱ्या वर्षी म्हटलं तारा जुन्या झाल्या, तिसऱ्या वर्षी पिकअप (तारांची थरथर पकडून अँप्लिफायरकडे पाठवणारा भाग) बदलायला निघालो होतो आणि अगदी शेवटच्या क्षणी खरं कारण सापडलं. सगळं सविस्तर लिहितोय कारण हाच त्रास मला अजून दोघांच्या वाद्यात दिसला आणि दोघांनीही माझ्यासारखेच चुकीच्या जागी पैसे घातले होते. वाद्य कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच, निम्मा हवेचा आणि निम्मा माझा, ते पुढे येईलच.

आधी हे वाद्य का घेतलं ते. मी डोंबिवलीला राहतो, प्रॅक्टिस दादरला. पूर्ण आकाराच्या बेस गिटारची तार ३४ इंच, म्हणजे बॅगेसकट ते प्रकरण चौथीतल्या पोराएवढं होतं, आणि सकाळच्या फास्टमध्ये ते घेऊन चढलं की लोक तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. युकुलेले बेसची तार साधारण २१ इंच आणि अख्खं वाद्य अडीच फुटांच्या आसपास, वरच्या रॅकवर आरामात जातं. आवाज मात्र मोठ्या बेसचाच, त्याच चार तारा, ई ए डी जी, त्याच सप्तकात. लोकांना हे खरं वाटत नाही, खेळणं समजतात, अँप्लिफायरला लावलं की मग मान वळते.

आणि सगळी गोम इथेच आहे. ई चा सूर ४१ हर्ट्झ, ए चा ५५, डी चा ७३, जी चा ९८. मोठ्या बेसची तीच तार उचलून २१ इंचांवर बसवली आणि तोच सूर काढायचा म्हटलं तर ताण जेमतेम ३८ टक्के ठेवावा लागेल, म्हणजे तार नुसती लोंबेल. म्हणून या वाद्याला रबरासारख्या जाड तारा असतात, पॉलियुरेथेनच्या. ई तार तर जाड शेवेपेक्षाही जाड, पहिल्यांदा बघितली तेव्हा बायको म्हणाली, ही कुकरची रिंग कापून लावलीये का. कल्पना तशी नवी नाही. १९८६ साली गिल्ड कंपनीने अ‍ॅशबरी नावाचा बेस काढला होता, १८ इंचांची तार आणि ती सिलिकॉन रबरची, आणि तो वाजवणारे लोक तेव्हापासून बोटांना टाल्कम पावडर लावतात कारण रबर बोटाला चिकटतं. पुढे ओवेन होल्ट यांनी युकुलेलेच्या आकारात हे बसवलं आणि काला कंपनीच्या यू-बेसमुळे ते घरोघरी गेलं. पावडरीची सवयही सोबत आली. ही पावडर लक्षात ठेवा.

तर ताण कमी, म्हणजे तार सॅडलवर खाली दाबते तो जोरही कमी. सॅडल म्हणजे पोटावरच्या ब्रिज नावाच्या लाकडी ठोकळ्याच्या खाचेत बसणारी पट्टी, तारा तिच्यावरून जातात. आणि सॅडलखाली पिएझो पिकअप असतो, पातळ पट्टी किंवा वायरसारखा, तो आवाज ऐकत नाही, दाब ऐकतो. स्टीलच्या तारेच्या गिटारमध्ये तारा सॅडलला इतक्या रेटून धरतात की खाली थोडं उन्नीस-बीस असलं तरी चालून जातं. इथे रबर आहे, ते कसलं रेटतंय. एका टोकाला केसाएवढी फट पडली तरी त्या टोकाची तार गेलीच समजा. हे मला आज कळतंय, तेव्हा मी बॅटऱ्या बदलत होतो.

बॅटरीचं एका ओळीत उरकतो. नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की चारही तारा फाटक्या, कुरकुरीत वाजतात, एकटी ई जात नाही. केबलचंही तसंच. त्यामुळे फक्त एकच तार हळू असेल तर या दोन गोष्टींत वेळ घालवू नका, मी एका पावसाळ्यात तीन बॅटऱ्या आणि एक चांगली केबल वाया घालवली. बॅटरी लवकर उतरायची ते जॅक लावून ठेवायच्या सवयीमुळे, जॅक आत असेपर्यंत आतलं सर्किट चालूच राहतं, हे वेगळं.

दुसरी फसवणूक मोबाईलची. एका मित्राने मला क्लिप पाठवली, म्हणे बघ ई ऐकूच येत नाही. अरे बाबा मोबाईलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येणारच नाही, कुणाच्याच येणार नाही, तुझा बेस एकदम ठणठणीत असला तरी नाही. इअरफोन लावून ऐक म्हटलं तर आला की आवाज. ट्यूनर अ‍ॅपचंही हेच होतं, मोकळी, म्हणजे कुठेही न दाबता, ई वाजवली की काटा भूत लागल्यासारखा हलतो. तेव्हा बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे वरचा बारीक सूर, काढायचा, तो ८२ हर्ट्झवर येतो आणि अ‍ॅपला नीट कळतो.

आता खरी चाचणी सांगतो, ही मला कुणी आधी सांगितली असती तर दोन वर्षं वाचली असती. ई तार पाचव्या फ्रेटवर दाबून वाजवा, तिथे ए चा सूर येतो. लगेच मोकळी ए तार वाजवा. दोन्ही एकच सूर, ५५ हर्ट्झ. एकच बोट, एकाच जागी, सारख्याच जोराने, दहा-बारा वेळा आलटून पालटून. मोकळ्या आणि दाबलेल्या तारेच्या आवाजात थोडा पोताचा फरक राहणारच, तो सोडा, मोठेपणा बघा. दोन्ही सारखे मोठे आले तर तुमची तार आणि सॅडल निर्दोष आहे, खालचे सूर पुढे कुठेतरी मरतायत, अँप्लिफायरमध्ये नाहीतर मिक्सरमध्ये. पण ई वरचा ए दबका आणि मोकळा ए खणखणीत आला तर अँप्लिफायरला शिव्या देणं बंद करा, कारण सूर एकच असताना स्पीकर भेदभाव कसा करेल? गडबड वाद्यातच आहे. मग तसंच ए चा पाचवा फ्रेट आणि मोकळी डी, डी चा पाचवा आणि मोकळी जी. माझ्या वाद्यात असं निघालं की ए आणि डी जोरात, जी किंचित हळू, ई फारच हळू. म्हणजे मधल्या दोघी तगड्या आणि कडेच्या दोघी अशक्त. हे मी वहीत लिहून ठेवलं, अर्थ मात्र तेव्हा लागला नाही.

दुसरी चाचणी पेन्सिलची. वाद्य लावलेलं ठेवून पेन्सिलीच्या मागच्या रबराने सॅडलच्या माथ्यावर एकेका तारेशेजारी टकटक करायचं. जी कडे टक, डी कडे टक, ए कडे टक, ई कडे... फुस्स. तिथे पेन्सिलीने सॅडल जरा दाबून धरलं आणि ई वाजवली तर आवाज एकदम भरला. दाब सोडला, परत गेला. याहून स्पष्ट पुरावा काय पाहिजे. तरी मी ते घेऊन एका दुरुस्तीवाल्यांकडे गेलो, त्यांनी वाद्य उघडलंही नाही, दोन तारा छेडल्या आणि म्हणाले पिएझो गेलाय, नवीन टाकू, साडेतीन हजार. मी हो म्हणणार होतो, पण त्यांच्याकडे तेव्हा माल नव्हता आणि गणपती तीन आठवड्यांवर. म्हणून घरी आणून स्वतःच उघडलं.

उघडणं म्हणजे फार काही नाही, तारा इतक्या सैल पडतात की खुंट्या चार-पाच फेरे मोकळ्या केल्या की तार सॅडलवरून बाजूला सरकवता येते, पूर्ण काढायची गरज नाही. सॅडल बोटांनी हलवत सरळ वर उचललं. निघताना खाचेतून वास आला चंदनाचा. खरंच. वाकून बघितलं तर ई च्या टोकाला खाचेच्या तळाशी पांढरा, घट्ट, खरवडला तर पापुद्रा निघेल असा थर. पावडर! दर जुलैत हवा दमट झाली की तारा जास्त चिकटतात, बोट सरकत नाही, म्हणून मी जास्त पावडर थापतो, ती तारेवरून झडून सॅडलच्या कडेने खाचेत उतरते, पावसाळी ओल पिते आणि जमून बसते. आणि ई कडेच का, तर माझा अंगठा तिथेच टेकलेला असतो आणि पावडरचा डबा मी तिथेच उपडा करतो. तीन वर्षं मीच भरत होतो ती खाच.

कोरड्या रंगाच्या ब्रशने आणि दातकोरणीने थर काढला. ओलं फडकं आत घालायचं नाही, आणि पिकअपची पट्टी ओढायची तर अजिबात नाही, ती जिथे भोकातून आत वळते तिथे वाकवली तर मोडते आणि मग खरोखरच साडेतीन हजार. ते भोकही बघून घ्या. माझ्या वाद्यात ते ई च्याच बाजूला आहे आणि तिथे पट्टी वळताना जरा फुगली होती, म्हणजे सॅडलचं ते टोक आधीच उचललेलं. बोटाने हलकेच दाबून, थोडी वायर आत सरकवून ती सपाट बसवली.

मग सॅडलचा तळ. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा घासतात, इथे उलटं, माथ्याला हात लावायचा नाही, तळ घासायचा. काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला, सॅडलच्या तळाला पेन्सिलीने रेघा मारल्या आणि सॅडल उभं सरळ धरून तीन-चार वेळा ओढलं. रेघा दोन्ही टोकांना गेल्या, मध्ये राहिल्या. म्हणजे मध्ये पोकळ. अजून पाच-सहा वेळा ओढल्यावर सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या, मग थांबलो. इथे हावरटपणा करू नका, तळ घासला की तारा खाली येतात, आणि रबरी तार झोके घेते इतकी की ती खाली आली की फ्रेटवर फडफडते. आणि सॅडल खाचेत कसं बसलंय तेही बघा, बोटांनी निघालं पाहिजे आणि वाद्य उलटं केल्यावर पडलं नाही पाहिजे. ठोकून बसवलेलं सॅडल खाली पिकअपपर्यंत दाब पोचवतच नाही, भिंतीत अडकून राहतं.

परत जोडलं, तारा चढवल्या, पाचव्या फ्रेटची चाचणी केली. ई सुधारली, बरीच सुधारली, पण ए च्या बरोबरीला आली नाही. आणि जी अजूनही किंचित हळू. तेव्हा वहीतली ती ओळ आठवली, मधल्या दोघी तगड्या आणि कडेच्या दोघी अशक्त. स्टीलची पट्टी घेऊन ब्रिजच्या मागे वाद्याच्या पोटावर आडवी ठेवली, तर पट्टी मध्ये टेकली आणि दोन्ही टोकांना डुलायला लागली. पोट फुगलं होतं. घन लाकडाची वरची फळी ओल पिते आणि फुगते, तिच्यासोबत ब्रिज वाकतो, ब्रिजसोबत खाचेचा तळ वाकतो, कमानीसारखा, आणि सॅडल तर सरळच राहतं. मग मध्ये दाब, टोकांना फट. कडेच्या तारा कोणत्या? ई आणि जी. जुलैचं कोडं एवढंच होतं. लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात खोलीतच ८०-८५ असते, कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथे फळी काय वाळणार.

यावर मी दोन गोष्टी केल्या. एक, लाँड्रीच्या पावतीचा पातळ कागद कापून त्याची बारीक पट्टी ई च्या टोकाला पिकअपच्या खाली सरकवली, सॅडल आणि पिकअपच्या मध्ये नाही, तिथे कागद आला की आवाज मऊ पडतो. एका पट्टीने फरक पडला, दोन घातल्यावर ई बरोबरीला आली. जी ला एक. दुसरं, बॅगेत सिलिका जेलची मोठी पाकिटं आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचे दाणे रंग बदलले की भरलेत समजायचं, गरम करून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत नको, घरात भांडण होतं. वाद्य भिंतीला टांगून ठेवायची हौस पावसाळ्यापुरती सोडली, चार महिने बॅगेतच.

अजून एक गोष्ट, ही आमच्या गाण्याच्या ग्रुपमुळे कळली. आमचे गायक काळी दोनमध्ये गातात. त्यांच्यासाठी मी चारही तारा अर्धा स्वर उतरवतो, म्हणजे मोकळी ई तार बरोबर त्यांच्या सा वर येते, अभंगात खाली नुसता सा धरून ठेवायला काय मजा येते विचारू नका. पण अर्धा स्वर उतरवला की ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. आधीच अशक्त तार, तिचा अजून रेटा काढला. माझ्या वाद्यात पावसाळ्यात ई सर्वात जास्त रुसायची ती गायकांसोबतच, आणि मला वाटायचं हार्मोनियममध्ये दबतेय. तुम्हीही उतरवून वाजवत असाल तर चाचणी उतरवलेल्या ट्यूनिंगवर घ्या, मग कळेल कागदाची अजून एक पट्टी लागतेय का.

आणि ज्यांची पाचव्या फ्रेटची चाचणी सारखी आली, म्हणजे वाद्यात दोष नाही, त्यांनी दोनच ठिकाणी बघा. एक, मिक्सर. गणपतीत मंडपातल्या साऊंडवाल्या दादांनी मला माईकच्या चॅनलला लावलं होतं आणि त्यावर लो-कटचं बटण दाबलेलं, जे ८० नाहीतर १०० हर्ट्झच्या खालचं कापतं. ई, ए, डी तिन्हींचे मूळ सूर कापले गेले, जी तेवढा वाचला. अर्धी संध्याकाळ मी वाजवलेलं कुणालाच ऐकू गेलं नाही, आरतीच्या आधी बटण सुटलं आणि पुढच्या रांगेतल्या आजी दचकल्या. दुसरं, ज्यांच्या वाद्यात बॅटरीच नाही, नुसता पिएझो आणि जॅक, त्यांनी ते थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावू नये. पिएझोला समोर खूप मोठा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) लागतो, नाहीतर आवाज खालून कापला जातो. एक मेगाओम कमीत कमी, दहा असेल तर उत्तम. मध्ये पिएझोसाठीचा छोटा प्रीअँप टाका.

तारा सोडून परत लावल्या की दोन दिवस ट्यूनिंग उतरत राहणार, रबर आहे, त्याला घाबरू नका. नवीन तार लावत असाल तर खुंटीत घालायच्या आधी हाताने चांगली ताणून घ्या, नाहीतर ती ताणत ताणत इतकी लांब होते की खुंटीवर चकलीसारखे वेटोळे बसतात आणि जागाच उरत नाही. आणि नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) खाचेत तार अडकून कर्रर्र करून एकदम सूर उडी मारत असेल तर तिथे पेन्सिलीचं शिसं घासा. पावडर मी आता वाद्यावर टाकतच नाही, रुमालावर घेऊन बोटांना पुसतो, आणि तेही वाद्य मांडीवर घ्यायच्या आधी.

यावर्षी या दुरुस्तीनंतरचा पावसाळा नीट गेला, गणपतीही झाले. मग दिवाळीच्या सुमारास एका प्रॅक्टिसला ई अशी काही बोंबलायला लागली की तबलावाले माझ्याकडे वळून बघायला लागले. हवा कोरडी झाली, पोट बसलं, खाचेचा तळ सरळ झाला आणि ते कागद तसेच आत होते. दोन्ही टोकांचे काढून पाकिटात ठेवलेत, ई चे दोन आणि जी चा एक, वर स्केचपेनने 'जून' लिहून.